पित्याची मूठ

ईश्वराला ‘पिता’ म्हणणे हे ख्रिस्ती धर्माचे मर्म होय. तथापि मुलाच्या कानी हा शब्द प्रथम पडतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते ते घरातल्या बापाचे रूप. ह्या गोष्टीचा पडताळा एडमंड गॉस ह्या इंग्रज टीकाकाराच्या ‘फादर अँड सन’ ह्या आत्मकथनात जसा येतो, तसा क्वचितच अन्यत्र येत असेल. १९०७ साली हे पुस्तक प्रथम निघाले, ते लेखकाचे नाव न घालता.

वडील फिलिप हेन्री गॉस हे नामांकित प्राणिशास्त्रज्ञ आणि ‘प्लिमथ ब्रेदरन’ ह्या कडव्या पंथाचे निष्ठावंत अनुयायी. मूर्तिपूजकावर देवाचा कोप होतो, असे त्यांनी मुलाला सांगितले. एके दिवशी मुलाने लहानशी खुर्ची मेजावर चढवली, तिच्यापुढे गुडघे टेकले, तिचीच प्रार्थना केली आणि तो कोपाची वाट पाहत राहिला. काहीच घडले नाही! येथे गॉस ह्यांची सूक्ष्म दृष्टी दिसते. मुलाला देवाविषयी संशय आला नाही. देवाचे मन वडिलांना ठाऊक आहे, ह्याविषयी मात्र आला.

१८५७ साली आई कर्करोगाने वारली. सात वर्षांच्या ह्या पोरावर बापाने मनापासून माया केली. परंतु आपलीच श्रद्धा त्याच्या अंतरी जशीच्या तशी उतरावी, हा त्याचा हट्ट कधी सुटला नाही. मुलगा मोठा होऊन लंडनला गेल्यावरही पत्रापत्रांतून त्याच्या अंतःकरणाची झडती चालूच राहिली. अखेरीस ताटातूट झाली.

हे वाचताना लूकच्या शुभवर्तमानातील पंधराव्या अध्यायाची आठवण होते. तेथील बाप धाकट्या मुलाने मागताच त्याचा वाटा देतो, त्याला अडवीत नाही आणि त्याच्या मागे धावतही नाही. मुलगा परत फिरतो तेव्हा मात्र तो दूर असतानाच बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो. फिलिप गॉस ह्यांना हा दाखला निःसंशय तोंडपाठ असेल; पण त्या पित्याची मोकळी मूठ त्यांना साधली नाही. प्रेमाची उणीव नसताना पितृत्व कसे हरते, हेच ह्या पुस्तकाचे खरे दुःख होय.

पुस्तकात एक उणेपण आहे. ॲन थ्वेट ह्यांनी २००२ साली लिहिलेल्या फिलिप गॉस ह्यांच्या चरित्रात हा पिता अधिक सौम्य आणि आनंदी दिसतो. मुलाच्या स्मृतीने रंग गडद केले असावेत. तरीही त्याने बापाला खलपुरुष केले नाही. त्याच्या सचोटीविषयीचा आदर पानोपानी आढळतो. ज्यांच्या घरी मुले वाढत आहेत, त्यांनी हे पुस्तक अवश्य वाचावे आणि मिटल्यावर क्षणभर आपल्या मुठीकडे पाहावे.