राक्षस गेला कुठे?

जावा बेटावरच्या केरिस या खंजिराबद्दल एक गोष्ट हमखास सांगितली जाते. हिंदू-बौद्ध काळात त्याच्या मुठीवर देव आणि राक्षस कोरत. मग इस्लाम आला, प्रतिमा वर्ज्य ठरल्या आणि आकृती पुसली गेली. उरली ती गुळगुळीत, वाकडी मूठ.

मला ही गोष्ट लगेच पटली होती. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. व्हर्जन एक, व्हर्जन दोन अशी मांडणी दिसली की डोकं शांत होतं. शिवाय राक्षसाची मूठ पाहून ‘हे तर आपलंच’ असं वाटायचं, तेही होतंच.

मग संग्रहालयांचे फोटो मोबाइलवर झूम करकरून पाहिले आणि मांडणी हलायला लागली. बालीत हिंदू परंपरा टिकली, सोनेरी राक्षसमुठीही टिकल्या. पण त्याच बालीत आकृती नसलेल्या, नुसता दोरा गुंडाळलेल्या मुठीही आहेत. उलट जावाच्या उत्तर किनाऱ्यावर इस्लाम आधी रुजला, तरी आकृतीच्या मुठी तिथे बनत राहिल्या. सतराव्या शतकात युरोपातल्या राजघराण्यांच्या संग्रहांत पोहोचलेल्या केरिसांवरही बसलेल्या आकृती दिसतात.

आणखी एक अडचण आहे. केरिसची मूठ खिळ्यांनी ठोकलेली नसते. पात्याच्या खालच्या दांड्याला, म्हणजे ‘पेसी’ला, कापड गुंडाळून ती घट्ट बसवतात. त्यामुळे ती काढता येते, बदलता येते. पातं पणजोबांचं आणि मूठ नातवाच्या पसंतीची, असं सहज होतं. पात्याच्या वयावरून मुठीचा इतिहास लिहिणं म्हणजे फोनच्या मॉडेलवरून कव्हरची तारीख काढणं.

धर्माने काहीच बदललं नाही, असं मी म्हणत नाही. पण तेवढ्याने सगळं उलगडत नाही. १७५५च्या गियांती तहाने मातारामचं राज्य दुभंगलं आणि सुराकार्ता व योग्यकार्ता ही दोन दरबारी केंद्रं झाली. दोन्हीकडे इस्लामच, तरी सुराकार्ताची मूठ भरदार, योग्यकार्ताची सडपातळ. इथे फरक केला तो दरबाराने.

या मध्य जावी मुठीला ‘नुंगाक सेमी’ म्हणतात, म्हणजे कोंब फुटलेला बुंधा. कमुनिंगसारख्या लाकडाची, किंचित पुढे झुकलेली. आतल्या वळणावर ‘पात्रा’ नावाच्या कोरीव नक्षीचे दोन छोटे तुकडे. त्यांत काहींना जुन्या आकृतीचा चेहरा दिसतो. असेलही. पण फक्त तेवढंच शोधत राहिलं, तर बाकीची मूठ दिसतच नाही: लाकडाचे रेषे वळणाबरोबर कसे जातात, झुकाव हाताला कसा बोलावतो, एवढ्या सपाट पृष्ठभागावर नक्षी किती जपून ठेवली आहे.

राक्षस गेला कुठे, असं विचारत मी या मुठींपाशी गेलो होतो. त्या प्रश्नातच माझा निकाल आधी लागलेला होता. जावी कारागिरांनी जे घडवलं, ते मी कुणीतरी काहीतरी पुसल्याची खूण म्हणून वाचत होतो.