शिफारशीतला तिसरा माणूस

आपण एखाद्या पुस्तकाबद्दल लिहितो आणि ते जिथे मिळतं तिथली लिंक देतो. ती लिंक म्हणजे लेखातलंच एक वाक्य असतं: ‘हे घ्या, मी सांगतोय म्हणून.’ या वाक्यात कोणी गुपचूप फेरफार केला तर?

मार्च २०१०मध्ये लाइव्हजर्नल या ब्लॉगिंग साइटवर हेच झालं. दुकानांच्या लिंकांना परस्पर अफिलिएट कोड लागतोय, हे तिथे लिहिणाऱ्यांच्याच लक्षात आलं. हा कोड म्हणजे दलालाचा नंबर. त्या लिंकवरून खरेदी झाली की कमिशन नंबरवाल्याला. आपण टाकलेला कोडही बदलला जातोय, अशी काहींची तक्रार होती. ओरड झाल्यावर ते बंद झालं.

मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, म्हणून मला यामागची रचना जास्त खुपते. यासाठी तुमच्या मूळ मजकुराला हात लावावा लागत नाही. पानासोबत एक छोटी स्क्रिप्ट येते आणि वाचकाने लिंकवर बोट टेकवलं की पत्ता बदलते. लेखकाने पोस्ट एडिट करायला उघडली तर लिंक जशीच्या तशी! मोबाइलवर तर टॅप करण्याआधी पत्ता कोण बघतं?

यावर ठरलेलं उत्तर असतं: वाचकाला वस्तू त्याच किमतीत मिळते, लेखकाचं काही जात नाही, साइट फुकट आहे, मग सर्व्हरचं बिल कोण भरणार? बिलाचा मुद्दा खरा आहे. म्हणूनच लेखाशेजारच्या जाहिरातीवर माझा राग नाही. ती जाहिरात आहे हे वाचकाला दिसतं. इथे मात्र जाहिरात माझ्या तोंडून होते, आणि ते मलाच माहीत नसतं. पैसे घेऊन शिफारस करणाऱ्या ब्लॉगरने तसं सांगावं, असं अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनचे नियम डिसेंबर २००९पासून म्हणतात. पण ज्याला व्यवहारच ठाऊक नाही, त्याने काय सांगायचं?

२०१२मध्ये पिंटरेस्टचं असंच प्रकरण बाहेर आलं. लोकांनी पिन केलेल्या लिंकांना स्किमलिंक्स या सेवेमार्फत कोड लागत होते, आणि त्याचा ठळक उल्लेख कुठेच नव्हता. पुढे फेब्रुवारी २०१५मध्ये याच पिंटरेस्टने वापरकर्त्यांच्या स्वतःच्या अफिलिएट लिंकांवर बंदी घातली. २०१६मध्ये ती उठवली. बंदीसाठी कारणं काहीही दिली जावोत, हा क्रम बोलका आहे. लिंक कोणाची, हे ठरवणारा लिहिणारा नव्हता.

माझी मागणी साधी आहे. सेटिंगमध्ये एक चौकोन हवा, आधीपासून टिक न केलेला: ‘तुमच्या लिंकांवर आम्ही कमिशन कमवू का?’ तो बनवणं ही काही इंजिनिअरिंगमधली अवघड गोष्ट नाही. अवघड आहे ते मिळणारं उत्तर ऐकणं.