'पाणी' आणि 'द'

पनवेलमध्ये 'पाणी आले' हे शब्द नळापाशी ऐकले काय आणि पावसाळ्यात गाढी नदीच्या काठी ऐकले काय, घोटाळा होत नाही. मराठीला उपपद लागत नाही, प्रसंग पुरतो. इंग्रजी अनुवादकाला मात्र निवड टाळता येत नाही. 'अगणनीय नामापूर्वी उपपद नको' हा शालेय नियम येथे अपुरा पडतो. उपपदाविना असे नाम जातीचा बोध करते. 'द' लागताच श्रोत्याला ठाऊक असलेला विशिष्ट अंश सूचित होतो. 'द' मोजत नाही, ओळख पटवतो.

तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातल्याच महाडला २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी चवदार तळ्याचे पाणी प्याले. दलित साहित्यात जेथे हा संदर्भ जागा असतो, तेथे 'पाणी'चे नुसते 'वॉटर' केले की केवळ तहान उरते. 'द वॉटर' म्हणताच सार्वजनिक असूनही नाकारलेले ते पाणी समोर येते. सत्याग्रह तहानेसाठी नव्हता, समतेसाठी होता, हे आंबेडकरांनीच स्पष्ट केले होते. त्याच परिच्छेदातील 'समता' मात्र 'द'विना राहिली पाहिजे. ती एका तळ्यापुरती मागितलेली नव्हती.