परवानगी आणि प्रतिमा : वाई परिसरातील चित्रीकरणाचा एक विचार

प्रस्तावना : चित्रपटसमीक्षेत कथा, अभिनय, दिग्दर्शन यांची सविस्तर चर्चा होते, चित्रीकरणाच्या परवानगीची मात्र क्वचितच होते. वस्तुतः पडद्यावर कोणते गाव दिसावे, हे ठरण्यात या परवानगीचाही वाटा असतो. प्रस्तुत लेखात वाई परिसराच्या आधारे या संबंधाचा विचार केला आहे.

विवेचन : सिनेमॅटोग्राफ अधिनियम, 1952 मुख्यतः तयार चित्रपटाच्या प्रमाणनाशी व प्रदर्शनाशी निगडित आहे. प्रत्यक्ष चित्रीकरणाचे नियमन विखुरलेले आहे. राष्ट्रीय संरक्षित स्मारकांसाठी 1959 च्या नियमांनुसार भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना लागतो; रस्त्यासाठी पोलीस व स्थानिक संस्था, तर खाजगी वाड्यासाठी मालकाची संमती लागते. 2015 मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात चित्रपट सुविधा कार्यालय स्थापन झाले. महाराष्ट्रातही 'एक खिडकी' पद्धत आली. निर्मात्याचे हेलपाटे कमी व्हावेत, हा या सुधारणांचा हेतू स्वागतार्ह आहे. तथापि त्यांत विचार झाला तो निर्मात्याच्या सोयीचा. ज्या गावात चित्रीकरण होते, त्याचा विचार मागे राहिला.

प्रकाश झा यांच्या 'गंगाजल' (2003) मध्ये वाई ही बिहारमधील तेजपूर झाली. आशुतोष गोवारीकर यांच्या 'स्वदेस' (2004) मध्ये मेणवली चरणपूर झाली. स्थळाला दुसरे नाव देण्याचे कलेचे स्वातंत्र्य निर्विवाद आहे. परंतु गावाने आपले प्रश्न स्वतः सोडवावेत, असे सांगणाऱ्या 'स्वदेस'मध्ये कृष्णाकाठचा घाट, नाना फडणवीसांचा वाडा आणि वसईच्या विजयाशी जोडलेली मंदिरातील घंटा यांचा स्वतःचा इतिहास कथेबाहेरच राहतो. कथेची ती गरज असेल. पण मग त्या इतिहासाची दखल घेण्याची जबाबदारी परवानगीवर येते. परवानगीचा व्यवहार मात्र तारीख, वेळ, शुल्क व नुकसानभरपाई यांभोवतीच फिरतो.

नियम वाढविल्यास अल्प भांडवलाचा मराठी निर्माताच प्रथम अडचणीत येईल, हा आक्षेप रास्त आहे. म्हणून नवी परवानगी नको. असलेल्या परवानगीतच दोन अटी पुरेशा आहेत : श्रेयनामावलीत गावाचा स्पष्ट उल्लेख आणि शुल्काचा ठरावीक हिस्सा त्याच स्थळाच्या देखभालीसाठी.

निष्कर्ष : परवानगी ही केवळ प्रशासकीय बाब नसून स्थळ व प्रतिमा यांच्यातील करार आहे. या करारात गावाला पक्षकाराचे स्थान मिळाल्याशिवाय तो न्याय्य ठरणार नाही.