१७.७८ सेंटिमीटर: उंदराच्या पिंजऱ्याचा तक्ता वाचताना

'प्राणी पॉलिप्रॉपिलिनच्या प्रमाणित पिंजऱ्यांत ठेवले होते.' प्राणीशास्त्रात किंवा फार्मसीत पीएच.डी. करणार असाल, तर हे वाक्य एक दिवस तुम्हीही लिहाल. वाचणारा त्यावरून नजर फिरवून पुढे जातो. आज आपण त्यातल्या 'प्रमाणित' या शब्दापाशी थांबू या. हे प्रमाण आलं कुठून? आणि बीडसारख्या जिल्ह्यात, थोड्या पैशात, ते किती कामाला येतं?

आपल्याकडचा आधार म्हणजे सीपीसीएसईए (आता सीसीएसईए) या केंद्रीय समितीची मार्गदर्शक तत्त्वं. 'इंडियन जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी'च्या २००३ च्या अंकात ती छापून आली आहेत. त्यात उंदरांसाठी, म्हणजे रॅटसाठी, एक तक्ता आहे. १०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या उंदराला १०९.६५ चौरस सें.मी. जागा, २०० ते ३०० ग्रॅमच्या उंदराला १८७.०५, ३०० ते ४०० ग्रॅमच्या उंदराला २५८. पिंजऱ्याची उंची १७.७८ सें.मी.

हे आकडे बघून काय वाटतं? कुणीतरी फार बारकाईने मोजलं असणार. आता कॅल्क्युलेटर घ्या आणि जागेचे आकडे ६.४५ ने भागा. १७, २९, ४० असे पूर्णांक मिळतील. उंचीला २.५४ ने भागा, बरोबर ७ येतील. म्हणजे मूळ आकडे इंचांतले आहेत. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांविषयीच्या अमेरिकन 'गाइड'च्या १९९६ च्या आवृत्तीत हेच आकडे आहेत. दशांश चिन्हापुढचे अंक मोजमापातून आलेले नाहीत, ते गुणाकारातून आले आहेत. खुद्द 'गाइड'नेही या शिफारशी व्यावसायिक अनुभवावर आणि अंदाजावर आधारलेल्या असल्याचं मोकळेपणाने सांगितलं आहे. ती कबुली तक्त्यासोबत प्रवास करत नाही, दशांश मात्र करतात. संशोधनाची तयारी करताना ही सवय लावून घ्या: आकडा जितका नेमका दिसेल, तितकं त्याचं मूळ शोधा.

तक्ता निरुपयोगी आहे असं माझं म्हणणं नाही. तपासणीला आलेल्या माणसाच्या हातात टेप असेल, तर त्याला काहीतरी मोजता आलं पाहिजे. ४१ × २८ सें.मी. तळाच्या पिंजऱ्यात ३०० ग्रॅमपर्यंतचे सहा उंदीर ठेवता येतात, वजन ३०० च्या पुढे गेलं की चारच. एवढा हिशोबसुद्धा अनेक ठिकाणी होत नाही. तो करायला लावणं हे या तक्त्याचं मोठं काम आहे.

पण उंचीचं काय? मोठा उंदीर मागच्या पायांवर सरळ उभा राहिला, तर सात इंच पुरत नाहीत. माकोव्स्का आणि वेअरी यांचा २०१६ चा अभ्यास याच प्रश्नावर आहे. प्रशस्त, मातीच्या जागेत ठेवलेले उंदीर बिळं खणत होते, चढत होते, सरळ उभे राहत होते. प्रमाणित पिंजऱ्यातले उंदीर मात्र वारंवार अंग ताणत होते. उभं राहता येत नाही त्याची ही भरपाई असावी, असा लेखकांचा अर्थ. युरोपच्या २०१० च्या निर्देशातही किमान उंची १८ सें.मी.च आहे. तेव्हा हा दोष एकट्या आपल्या तक्त्याचा नाही.

आता कुरतडण्याकडे येऊ, कारण स्वस्त पिंजरा शोधणाऱ्याची पहिली अडचण तीच. उंदराचे पुढचे दात आयुष्यभर वाढतात. कठीण इनॅमल फक्त पुढच्या बाजूला असतं, मागचा भाग लवकर झिजतो, म्हणून धार आपोआप राहते. यावरून 'सगळ्यात कठीण पदार्थ कोणता' असा प्रश्न विचारला जातो. खरा प्रश्न वेगळा आहे: दाताला पकड कुठे मिळते? गुळगुळीत सपाट भिंतीवर दात घसरतो. कुरतडणं सुरू होतं ते कडेपासून, भोकापासून, जोडापासून. म्हणून साधा जाड प्लास्टिकचा टबही टिकतो, आणि त्याच टबाला हवेसाठी खिडकी कापली की कापलेल्या कडेपासून तो संपतो. खिडकी करायचीच तर जाळी आतून लावा, कड पूर्ण झाकेल अशी. जाळी लोखंडी हवी, डासांची नायलॉनची नको. अर्ध्या इंचाच्या भोकातून लहान पिल्लू निसटू शकतं, पाव इंचाची घ्या. लाकूड टाळा, ते कुरतडलं जातं आणि मूत्रही शोषून घेतं. जाळीचा तळ साफ करायला सोपा वाटतो, पण त्याने पायांना जखमा होतात. तळ भरीव हवा, वर भुसा.

यापुढची गोष्ट बीडची. मार्गदर्शक तत्त्वांत तापमान १८ ते २९ अंश दिलं आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो. उंदराला आपल्यासारखा घाम येत नाही, खोल टबात हवा कमी खेळते आणि मूत्रातला अमोनिया तळाशी साचतो. पत्र्याच्या शेडमधला उत्तम पिंजरासुद्धा अशा वेळी सापळा ठरतो. पैसे मोजकेच असतील तर ते आधी जाड भिंतींच्या खोलीवर आणि पाण्याच्या सोयीवर खर्च करा, पिंजऱ्याच्या ब्रँडवर नंतर.

तक्त्यातली सगळ्यात मोठी पोकळी अजून राहिली आहे. तो प्रयोगाच्या प्राण्यांसाठी आहे. सर्पोद्यानात किंवा पुनर्वसन केंद्रात जखमी साप-घुबडांचं खाद्य म्हणून वाढवल्या जाणाऱ्या उंदरांना तो लागू नाही. आपल्या जिल्ह्यातही शिरूर कासार तालुक्यात तागडगावला जखमी वन्यजीवांचं केंद्र आहे, त्यामुळे हा विषय आपल्यापासून लांबचा नाही. अशा उंदरांसाठी उरतं ते १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचं कलम ११: पिंजरा इतका लहान नसावा की प्राण्याला पुरेशी हालचाल करता येणार नाही. पुरेशी म्हणजे किती सेंटिमीटर, ते तिथे नाही. दात तेच, पाय तेच, उभं राहण्याची गरज तीच. फरक फक्त आपल्या रजिस्टरमधल्या नोंदीचा. या उंदरांवर मराठवाड्याच्या हवामानात नीट मोजमाप करणारा प्रबंध कुणी लिहिला, तर तो नुसता पदवीपुरता राहणार नाही.

तोवर आपल्या प्रबंधात एवढं तरी करा. 'प्रमाणित पिंजरा' हे शब्द खोडा. त्याजागी पिंजऱ्याची लांबी, रुंदी, उंची, एका पिंजऱ्यातल्या उंदरांची संख्या आणि वजन, भुशाचा प्रकार आणि प्रयोगाच्या काळातलं खोलीचं सर्वात जास्त तापमान लिहा. चार ओळी वाढतील. पण तुमचे निष्कर्ष औषधाचे आहेत की उकाड्याचे, हे वाचणाऱ्याला त्या चार ओळींवरूनच कळेल.