संपादने मोजून योगदान कळते का?

मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. त्यात सदस्याचे योगदान सहसा संपादनांच्या संख्येवरून ठरवतात. बदल करून पान जतन केले की एक संपादन झाले. हे माप आम्हाला अपुरे वाटते.

समजा, एका विद्यार्थ्याने बडनेऱ्यावरील लेखात मुंबई-नागपूर लोहमार्ग आणि तेथून फुटणारा अमरावतीचा फाटा यांविषयी परिच्छेद लिहिला. संपादन एक. दुसऱ्याने वीस ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, दर वेळी पान जतन केले. संपादने वीस. मग दुसऱ्याचे काम वीसपट झाले काय?

अमेरिकेतील ॲरन स्वार्ट्झ यांनी २००६ मध्ये इंग्रजी विकिपीडियातील काही लेख तपासले. संपादने मोजली तर नेहमीचे सदस्य पुढे दिसत. लेखात टिकलेली अक्षरे मोजली, तेव्हा बराचसा मजकूर क्वचित येणाऱ्यांचा निघाला.

अक्षरमोजणीही निर्दोष नाही. तीत नुसता उतरवून काढलेला मजकूर भाव खातो आणि शुद्धलेखन सुधारणाऱ्याचे श्रम दिसेनासे होतात.

म्हणून वर्गात असा उपक्रम घेतल्यास शिक्षकांनी केवळ आकड्यावर गुण देऊ नयेत. पानाचा 'इतिहास' उघडून कोणी काय लिहिले, महिन्याभराने त्यातले काय उरले आणि का, हे विद्यार्थ्यांनाच शोधू द्यावे.