फ्रोडो जिवंत आहे हे आपल्याला कधी कळतं?

एखाद्या जाडजूड फँटसी कादंबरीवर सिनेमा आला की वाचलेल्यांची पहिली तक्रार ठरलेली असते: हे कापलं, ते कापलं. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या बाबतीत हा मान टॉम बॉम्बाडिलचा. पीटर जॅक्सननं त्याला सिनेमात घेतलंच नाही आणि फॅन मंडळी २००१पासून त्याचं सुतक पाळताहेत. मला त्याचं फारसं दुःख नाही. बॉम्बाडिल काढला तरी पुढचं काही कोसळत नाही. लांब गोष्ट कापता येते. खरा अवघड असतो तो क्रम. म्हणजे वाचकाला काय, कधी कळतं आणि तोवर त्याला किती अंधारात ठेवलं जातं.

(वाचलं-पाहिलं नसेल तर इथेच थांबा, पुढे सगळं फोडलंय.)

टोल्किनची कादंबरी १९५४-५५मध्ये तीन खंडांत आली, पण आतून ती सहा पुस्तकांची आहे. दुसरं पुस्तक संपताना मंडळी फुटतात आणि इथे टोल्किन एक विचित्र गोष्ट करतो. तिसऱ्या पुस्तकात ॲरागॉर्न, गॅन्डाल्फ आणि बाकीचे; फ्रोडो-सॅम अजिबात नाहीत. चौथ्यात उलट. चौथ्याच्या शेवटी शेलॉब या राक्षसी कोळिणीच्या विषानं निपचित पडलेल्या फ्रोडोला ऑर्क उचलून नेतात, दार बंद होतं, सॅम बाहेर राहतो. मग पाचवं पुस्तक. दहा प्रकरणं. त्यात फ्रोडो कुठेच नाही.

वेढा पडतो, लढाई होते, एक राजा मरतो. आपण वाचत राहतो, पण डोक्यात ते बंद दार असतं. शेवटी ॲरागॉर्न आणि गॅन्डाल्फ तुटपुंजं सैन्य घेऊन सॉरॉनच्या काळ्या दरवाजापाशी जातात. जिंकायला नाही, तर सॉरॉनची नजर तिकडे खिळावी आणि फ्रोडोला वाट मिळावी म्हणून. तिथे सॉरॉनचा दूत त्यांना फ्रोडोचं मिथ्रिलचं चिलखत दाखवतो. सोबत एक करडा झगा आणि सॅमची तलवार. त्या क्षणी आपली अवस्था गॅन्डाल्फपेक्षा वाईट असते, कारण फ्रोडो पकडला गेलेला आपण पाहिलंय. दूतावर अविश्वास दाखवायला आपल्याकडे काही कारणच नाही. तरीही गॅन्डाल्फ त्याच्या अटी धुडकावतो. सगळं संपलंय असं दिसत असताना आपलं काम करत राहणं ही या कादंबरीची नाडी आहे. ती वाचकाला लागते, कारण त्या ओळींपाशी त्यालाही काही माहीत नसतं.

सिनेमात जॅक्सन, फ्रॅन वॉल्श आणि फिलिपा बोयन्स यांनी दोन्ही धागे आलटून-पालटून दाखवले. दुसरं काय करणार? तीन तासांच्या सिनेमात अर्धा वेळ नायक गायब, हे कुठल्या निर्मात्याला पटवणार! पण हा एक निर्णय घेतला की मागोमाग बाकीचे येतात. (कोडमध्ये एक फंक्शन बदललं की दहा ठिकाणी लाल दिवे लागतात, तसंच.) घटना तारखेनुसार लावल्या की शेलॉबचा प्रसंग दुसऱ्या सिनेमात बसत नाही, कारण तो हेल्म्स डीपच्या लढाईनंतर बऱ्याच दिवसांनी घडतो. म्हणून तो तिसऱ्यात गेला. मग दुसऱ्या सिनेमात फ्रोडोच्या वाट्याला शेवटचा धक्काच उरला नाही. तो आणायला फॅरामिरला बिघडवलं. पुस्तकात अंगठीकडे पाठ फिरवणारा हा शहाणा माणूस सिनेमात फ्रोडोला धरून ऑस्गिलिएथला नेतो. फॅरामिरवरून चिडणारे लोक त्या एका पात्रावर अडून बसतात. चूक असलीच तर ती आधीच्या निर्णयात आहे.

आणि त्याच निर्णयातून तिन्ही सिनेमांतला मला सर्वांत प्रिय तुकडा आलाय. डेनेथॉर जेवतोय, पिपिन त्याच्यासमोर गातोय, आणि बापानंच मरायला धाडलेला फॅरामिर घोडदळ घेऊन ऑस्गिलिएथवर चालून जातोय. डेनेथॉरच्या तोंडातून लाल रस ओघळतो. पुस्तकात पिपिनला गाता येतं का एवढंच विचारलं जातं. तो तिथे गात नाही. एकाच श्वासात तीन गोष्टी चालू ठेवणं कागदाला जमत नाही. इथे सिनेमानं पुस्तकाची बरोबरी केली नाही, स्वतःचं काहीतरी मिळवलं.

काळ्या दरवाजापाशी मात्र हिशेब चुकता करावा लागतो. सिनेमातही पेलेनॉरची लढाई चालू असताना फ्रोडो दिसत नाही, तेवढा अंधार जॅक्सननं राखलाय. पण लढाई संपताच सॅम त्याला सोडवतो, आणि सैन्य दरवाजापाशी पोचतं तेव्हा ते दोघं मॉर्डोरमधून चाललेले आपण पाहिलेले असतात. आता चिलखत दाखवून काय होणार? थिएटरमधल्या आवृत्तीत हा प्रसंगच नव्हता. एक्स्टेंडेड आवृत्तीत आला आणि फॅन खूश झाले. मला तो पोकळ वाटतो. पात्रांना माहीत नाही पण आपल्याला माहीत आहे, यातूनही जीव कासावीस करता येतो. मेला तो अश्वत्थामा नावाचा हत्ती, हे आपल्याला ठाऊक असतं, म्हणूनच द्रोणांनी शस्त्र खाली ठेवलेलं बघवत नाही. इथे ॲरागॉर्न क्षणभरही कोसळत नाही. तो दूताचं मुंडकं उडवतो, आपला विश्वास बसत नाही असं जाहीर करतो, आणि विषय संपतो. वाटाघाटीला आलेल्या दूताला मारणं पुस्तकातल्या ॲरागॉर्नला शोभलंही नसतं, पण ते राहू द्या.

फ्रोडोची सुटका दरवाजानंतर दाखवता आली असती का? आली असती, पण मग ऐन शेवटी घड्याळ मागे फिरवावं लागलं असतं, आणि अंगठी पडताना इकडे सॉरॉनचा मनोरा कोसळतोय हे एका दमात दिसलं नसतं. जॅक्सननं ते दुसरं निवडलं. मला ते मान्य आहे. म्हणूनच कुणी पहिल्यांदा बघणार असेल तर मी त्याला थिएटरवालीच आवृत्ती लावायला सांगतो.